भाषेचा कायदा, मोडलेले करार आणि जाफनातली बंदूक

रानवाट (धागाकर्ता)

लिट्टे, म्हणजे श्रीलंकेतली तमिळ बंडखोर संघटना, म्हटलं की आपल्याकडे श्रीपेरुंबुदूरची राजीव गांधींची हत्या आठवते, गळ्यातली सायनाइडची कुपी आठवते आणि विषय तिथेच संपतो. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीसं लिहिलं होतं, "सरकारच्या भाषा-धोरणाचा आणि हिंसेचा काय संबंध? ज्याला शस्त्र उचलायचं तो उचलतोच." तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढला. श्रीलंकेच्या बाबतीत हा संबंध सालवार दाखवता येतो.

१९५६ साली बंडारनायके 'चोवीस तासांत सिंहली' असं आश्वासन देत निवडून येऊन पंतप्रधान झाले. जूनमध्ये कायदा आला : राजभाषा एकच, सिंहली. संसदेत ५६ विरुद्ध २९ मतांनी मंजूर. आधी तमिळच्या वापराची थोडीफार सोय ठेवायचा विचार होता, पण विद्यापीठातल्या एका अध्यापकाने संसदेच्या दारात उपोषण मांडलं आणि ती सोय गेली. ५ जूनला फेडरल पार्टी या तमिळ पक्षाची माणसं त्यांचे नेते चेल्वनायकम यांच्याबरोबर कोलंबोच्या गॉल फेस मैदानात सत्याग्रहाला बसली. संसद तिथून हाकेच्या अंतरावर. जमावाने येऊन त्यांना बदडलं, पोलिस बघत राहिले. अमिर्तलिंगम नावाचे तरुण खासदार फुटलेलं डोकं घेऊन सभागृहात गेले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढच्याच वर्षी, जुलै १९५७ मध्ये, बंडारनायके आणि चेल्वनायकम यांच्यात करार झाला. प्रादेशिक परिषदा, उत्तर आणि पूर्व भागात तमिळमधून कारभार, बाहेरून आणून वसवल्या जाणाऱ्या वस्त्यांवर थोडं नियंत्रण. वेगळा देश कुणी मागितला नव्हता. विरोधी पक्षाच्या जयवर्धने यांनी कराराविरुद्ध कँडीची पदयात्रा काढली. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खू पंतप्रधानांच्या घरासमोर ठिय्या देऊन बसले आणि करार रद्द केल्याचं लेखी घेऊनच उठले. मे महिन्यात दंगल पेटली. दीड वर्षाच्या आतच, सप्टेंबर १९५९ मध्ये, बंडारनायके यांना एका भिक्खूनेच गोळ्या घातल्या. पुढे १९६५ मध्ये पंतप्रधान डडली सेनानायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी तसाच करार केला. १९६८ पर्यंत तोही गुंडाळला गेला. दोन मोठे पक्ष होते. जो सत्तेत असेल त्याने करार करायचा आणि जो बाहेर असेल त्याने तो 'सिंहलींचा विश्वासघात' म्हणून उधळायचा, असं चाललं होतं.

कोर्टाचं काय झालं? हा भाग फारसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोडीस्वरन नावाचे सरकारी सेवेतले एक तमिळ कारकून होते. सिंहलीची परीक्षा द्या, नाहीतर वेतनवाढ थांबेल, असं १९६१ चं परिपत्रक होतं. त्यांनी परीक्षेला बसायला नकार दिला. १९६२ ची वेतनवाढ अडली आणि त्यांनी सरकारवर दावा लावला. १९६४ मध्ये कोलंबोच्या जिल्हा न्यायाधीशाने निकाल दिला, की राज्यघटनेच्या २९व्या कलमाने अल्पसंख्याकांना जे संरक्षण दिलंय त्याचा हा कायदा भंग करतो. न्यायाधीश तमिळ नव्हते, हेही सांगायला हवं. सरकार अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नाला हातच घातला नाही. सरकारी नोकर पगारासाठी सरकारवर दावा लावूच शकत नाही, एवढ्यावर प्रकरण निकालात काढलं. १९६९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिली न्यायालयाने, सांगितलं की दावा लावता येतो, आता भाषा-कायदा घटनेत बसतो का ते तुमच्या न्यायालयाने ठरवावं. ते कधीच ठरलं नाही. प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिलं बंद झाली आणि १९७२ च्या नव्या राज्यघटनेने २९व्या कलमातलं ते संरक्षणच काढून टाकलं. सिंहली राजभाषा घटनेत गेली आणि बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळालं. एका कारकुनाने वेतनवाढीसाठी दहा वर्षं सनदशीर भांडावं आणि शेवटी देशाने कायद्याचा पायाच बदलावा!

त्या घटनेचे शिल्पकार कोण, तर कॉल्विन डी सिल्वा. १९५६ च्या सुमारास याच डाव्या नेत्याने बजावलं होतं : दोन भाषा ठेवाल तर एक राष्ट्र राहील, एक भाषा कराल तर दोन राष्ट्रं होतील.

१९७१ मध्ये विद्यापीठ प्रवेशाचा नियम बदलला. वैद्यकीयला ४०० पैकी तमिळ माध्यमाच्या मुलाला २५० गुण हवेत, सिंहली माध्यमाच्या मुलाला २२९ पुरेत. जाफना हा उत्तरेतला तमिळांचा, कोरडा, मोठ्या नद्या नसलेला भाग. शिकायचं आणि सरकारी नोकरी धरायची हीच तिथल्या मध्यमवर्गाची शेती. भाषा-कायद्याने नोकरी गेली होती, आता प्रवेशही गेला. जानेवारी १९७४ मध्ये जाफनात जागतिक तमिळ संशोधन परिषद भरली होती. शेवटच्या कार्यक्रमात पोलिस घुसले, पळापळीत विजेची तार पडली, माणसं मेली. १९७५ मध्ये प्रभाकरनने, पुढे लिट्टेचा प्रमुख झालेल्या तरुणाने, जाफनाचे महापौर दुरैअप्पा यांना मारलं. १९७६ मध्ये वड्डुकोड्डै इथे तमिळ पक्षांनी पहिल्यांदा स्वतंत्र राष्ट्राचा ठराव केला.

१९५६ ते १९७५, म्हणजे एकोणीस वर्षं. कायद्याने दुखावलेली माणसं एवढा काळ कागदावर, मैदानात आणि कोर्टात लढत होती. माझ्या मते हिंसेचं मूळ नुसत्या कायद्यात नाही, कायद्यावर दाद मागायची प्रत्येक जागा सरकारने पुढे एकेक करून बुजवली, त्यात आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

चहाटपरी

वाचतोय. कोडीस्वरन प्रकरण माहीत नव्हतं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

सरळरेषा

लेख चांगला आहे, पण एकतर्फी वाटला. इंग्रजांच्या काळात जाफनात अमेरिकन मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, तिथली मुलं इंग्रजी शिकली आणि सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसू लागली. खेड्यातला सिंहली शेतकरी कचेरीत गेला की इंग्रजी कागद बघून परत यायचा. बहुसंख्याकांनी स्वतःच्या देशात स्वतःची भाषा मागितली तर तो अन्याय कसा? आपणही महाराष्ट्रात मराठीतून कारभार मागतोच ना.

दुसरं, १९७१ मध्ये जेव्हीपी या डाव्या संघटनेचं बंड झालं. हजारो तरुण मेले आणि ते सगळे जवळपास सिंहली बौद्ध होते. त्यांच्यावर कुठली भाषा लादली होती? शिकलेल्या पोरांना काम नाही, हे खरं कारण. भाषा हे निमित्त.

---

रानवाट

@सरळरेषा, स्वभाषेची मागणी न्याय्यच होती. तमिळांनाही इंग्रजीतूनच त्रास होता. १९४४ मध्ये जयवर्धने यांनी सिंहलीचा ठराव आणला तेव्हा दुरुस्तीने त्यात तमिळही घातली गेली आणि ठराव दोन्ही भाषांसाठी मंजूर झाला. म्हणजे इंग्रजी हटवायचा रास्त रस्ता समोर होता. बारा वर्षांत त्यातली तमिळ गळली.

जेव्हीपीचा मुद्दा मात्र तुम्हाला वाटतो त्याच्या उलट जातो. १९७१ चं बंड चिरडलं, पण सरकारने त्यातून ऐकलं. १९७२ मध्ये जमिनीवर ५० एकरांची कमाल मर्यादा आली, सिंहली ग्रामीण मुलांना प्रवेशात झुकतं माप मिळालं. दक्षिणेत बंदूक उचलली तर धोरण बदललं. उत्तरेत पंधरा वर्षं सत्याग्रह केला तर वाट्याला लाठी आणि आणीबाणी. १९६१ मध्ये फेडरल पार्टीने जाफनाच्या कचेरीसमोर बसून कारभार थांबवला होता, स्वतःची टपाल सेवासुद्धा सुरू केली होती. सरकारने लष्कर पाठवलं आणि नेते स्थानबद्ध केले. हे दोन्ही बघत मोठा झालेला जाफनातला विशीचा मुलगा काय धडा घेईल?

---

जुना बेळगावकर

हा धागा माझ्या अगदी जवळचा आहे. आम्ही सीमाभागातली मराठी माणसं, १९५६ पासूनच अडकलेली. सालाचा योगायोग पाहा. माझ्या वडिलांनी जमिनीच्या उताऱ्यासाठी कचेरीत हेलपाटे घातले, कारण कागद कन्नडमध्ये आणि त्यांना अक्षर लागत नव्हतं. शेजारच्या कन्नड मास्तरांकडून वाचून घ्यायचे. मास्तर भला माणूस होता, कधी कंटाळला नाही, पण आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेताना वडिलांचा चेहरा कसा व्हायचा ते मला अजून आठवतं. १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली.

तरी आमच्याकडे बंदूक आली नाही. का, याचा मी खूप विचार केलाय. संयम होताच, पण तो जिरायला जागाही होती. एकीकरण समितीचे आमदार निवडून यायचे, महापौर व्हायचे. महाराष्ट्र २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. खटला रखडलाय, पण फेटाळून दार लावलेलं नाही. शिवाय रेषेपलीकडे आपलं म्हणणारं राज्य आहे. आणि भारत सरकारने आमच्या मराठीपणालाच शत्रू मानलं, असं कधी झालं नाही. ते भांडण राज्याशी होतं.

रानवाट म्हणतात ते मला पटतं. दार उघडं असलं की माणूस वर्षानुवर्षं दारात उभा राहतो.

---

कावेरीकाठ

बेळगावकर काका, +१००. मद्रासचं उदाहरणही यात बसतं. द्रमुक एकेकाळी वेगळं द्रविडनाडू मागत होता, १९६३ मध्ये त्यांनी ती मागणी सोडली. १९६५ मध्ये हिंदीविरोधी आंदोलन पेटलं, आत्मदहनं झाली, गोळीबारात माणसं मेली. पण शास्त्रीजींनी नेहरूंचं आश्वासन पाळायचा शब्द दिला, १९६७ मध्ये इंग्रजी चालू ठेवण्याची दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी द्रमुक मतपेटीतून सत्तेत आला. पाल्कची सामुद्रधुनी मध्ये, भाषा तीच, काळ तोच.

---

इसारकाठचा

म्युनिकहून लिहितोय. इथून दक्षिणेला आल्प्स ओलांडला की इटलीचा दक्षिण तिरोल प्रांत लागतो. रानवाट यांच्या मांडणीला तो चांगला पुरावा आहे. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मन भाषिक मुलूख इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद, गावांची नावं इटालियन, थडग्यावरही जर्मन लिहायला बंदी. लोक तळघरात चोरून मुलांना अक्षरओळख द्यायचे. १९४६ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यात स्वायत्ततेचा करार झाला, पण इटलीने त्यात मखलाशी केली : स्वायत्तता दिली ती शेजारच्या इटालियन बहुसंख्य प्रांताशी जोडून. तिथे जर्मन पुन्हा अल्पसंख्य. जून १९६१ मध्ये एका रात्रीत विजेचे ३७ मनोरे स्फोटकांनी पाडले. पुढे सैनिकही मेले.

इटलीने आधी धरपकड केली, कोठडीत मारहाणही झाली. पण त्याच वर्षी उभय भाषिकांचा १९ जणांचा आयोग नेमला आणि बोलणी सोडली नाहीत. १९७२ मध्ये खरी स्वायत्तता आली. शाळा आपापल्या भाषेत, सरकारी नोकऱ्या भाषागटांच्या प्रमाणात, नोकरदाराला दोन्ही भाषा यायला हव्यात. ऐंशीच्या दशकात पुन्हा बॉम्ब फुटले, तरी सरकारने दिलेलं परत घेतलं नाही. १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचं संयुक्त राष्ट्रांना कळवलं. आज बोल्झानोला उतरलात तर स्टेशनवर पाटी दोन भाषांत दिसेल.

---

सरळरेषा

उदाहरणं सोयीची निवडली जात आहेत. मी गैरसोयीची देतो. तुर्कस्तानने १९८३ मध्ये कुर्दी भाषेवर कायद्याने बंदी घातली, १९८४ मध्ये पीकेके या सशस्त्र कुर्दी संघटनेचे हल्ले सुरू झाले. इथवर तुमची मांडणी बरोबर. १९९१ मध्ये बंदी उठवली. हिंसा थांबली? नव्वदचं दशक सगळ्यात रक्तरंजित ठरलं.

श्रीलंकेतही १९८७ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती होऊन तमिळ राजभाषा झाली. मागणी मान्य. त्यानंतर युद्ध बावीस वर्षं चाललं. मग हिंसेचा भाषेशी संबंध उरला कुठे?

---

साताऱ्याची पल्टण

१९८७ चा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरातले एक जण शांतिसेनेत होते. भारत-श्रीलंका करारावर सह्या झाल्या, ते 'शांती राखायला' गेले आणि ऑक्टोबरात लिट्टेशीच लढाई सुरू झाली. सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत. मेजर रामस्वामी परमेश्वरन, ८ महार, मुंबईत जन्मलेले. २५ नोव्हेंबर १९८७ ला जाफनाजवळ छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून लढले. मरणोत्तर परमवीर चक्र. तमिळ घरातला मुंबईकर, महार रेजिमेंटचा अधिकारी, तमिळांच्या हक्काचा करार राबवायला गेला आणि तमिळ बंदुकीने गेला.

पॉलिसीचं तुम्ही बोला. आम्हाला एवढंच कळतं, की करार दिल्ली आणि कोलंबोत होतात आणि मोडतात तेव्हा माणसं साताऱ्याची, महाडची जातात.

---

रानवाट

@साताऱ्याची पल्टण, तुमच्या घरातल्या जवानाला नमस्कार सांगा.

@सरळरेषा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. १९५७ मध्ये जी गोष्ट दिली असती तर चेल्वनायकम घरी गेले असते, ती १९८७ मध्ये दिली. मधल्या काळात काय काय झालं ते बघा. १९८१ च्या ३१ मेच्या रात्री जाफनाचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं. सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं. हे काम पोलिसांचं आणि गुंडांचं, आणि तेव्हा निवडणुकीसाठी सरकारचे दोन मंत्री त्याच शहरात मुक्कामाला होते. आपले रंगनाथन, ग्रंथालयशास्त्राचे, त्यांच्या सल्ल्याने ते ग्रंथालय उभं राहिलं होतं. ताडपत्रांवरचा मजकूर गेला तो गेलाच.

मग जुलै १९८३. लिट्टेने १३ सैनिक मारले आणि कोलंबोत तमिळांची घरं जळू लागली. जमावाच्या हातात मतदारयाद्या होत्या. घर तमिळाचं आणि घरमालक सिंहली असेल तर सामान रस्त्यावर आणून जाळायचं, इमारतीला हात लावायचा नाही, इतकं व्यवस्थित. कोलंबोच्या वेलिकडा तुरुंगात दोन हल्ल्यांत ५३ तमिळ कैदी मारले गेले. दंगलीनंतर लगेच, ऑगस्टमध्ये, सरकारने सहावी घटनादुरुस्ती केली : वेगळ्या राष्ट्राला पाठिंबा देणार नाही अशी शपथ घ्या. तमिळ खासदारांनी ती घेतली नाही, त्यांच्या जागा गेल्या. तेव्हा संसदेत विरोधी पक्षनेते कोण होते? तेच अमिर्तलिंगम, १९५६ ला डोकं फुटलेले. सत्तावीस वर्षं संसदीय मार्ग धरलेल्या माणसालाच बाहेर काढल्यावर बोलायचं कुणाशी?

१९८९ मध्ये त्याच अमिर्तलिंगम यांना लिट्टेने कोलंबोत त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. माझं उत्तर यात आहे. बंदूक एकदा आली की ती आपल्या माणसांतल्या बोलणाऱ्यांनाच आधी संपवते. तिला खंडणी मिळते, मुलुख मिळतो, पोरांची भरती मिळते. मग भाषेची मागणी मान्य झाली तरी तिचं काही अडत नाही. म्हणून उशिरा दिलेल्या हक्काने हिंसा थांबली नाही, याचा अर्थ वेळेवर दिला असता तरी थांबली नसती असा होत नाही. दक्षिण तिरोलमध्ये मनोरे पडल्यावर अकरा वर्षांत तोडगा निघाला. इथे करार फाडल्यापासून एकोणतीस वर्षं गेली होती.

प्रभाकरनचं समर्थन माझ्याकडून होणार नाही. अन्यायाने जन्मलेली संघटना न्यायी असतेच असं नाही.

---

सरळरेषा

'उशीर' हा मुद्दा मान्य करण्यासारखा आहे. तुर्कस्तानबद्दल मात्र माझं मत कायम.

---

पुत्तलमची पाहुणी

कामानिमित्त काही वर्षं श्रीलंकेत होते. इथे अजून कुणी मुसलमानांबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहिते. उत्तरेतल्या मुसलमानांची मातृभाषाही तमिळच. ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने त्या सगळ्यांना, सत्तर हजारांहून अधिक लोकांना, उत्तर प्रांतातून हाकलून दिलं. जाफना शहरात तर दोन तासांची मुदत. दागिने, पैसे काढून घेऊन. बहुतेक जण पुत्तलमला आले आणि पिढी उलटली तरी तिथेच राहिले.

पुत्तलमला एक शिंपीण माझे कपडे शिवायची. जाफना सोडलं तेव्हा ती शाळेत होती. तिच्या दुकानात भिंतीवर शिलाई मशीनची एक जुनी पावती चौकट करून लावलेली होती, वडिलांच्या नावाची, जाफनातल्या दुकानाची. मशीन मागेच राहिलं, पावती तेवढी खिशात होती. मी विचारलं, राग कुणाचा येतो? ती म्हणाली, "सरकारने त्यांना तमिळ म्हणून मारलं, त्यांनी आम्हाला मुसलमान म्हणून काढलं. भाषा तर आमची एकच होती."

म्हणून मला वाटतं, धोरणाने एकदा माणसांची वर्गवारी 'मूळचे' आणि 'उपरे' अशी केली की ती सवय पीडितांनाही लागते. इथे आपण सगळे राज्याच्या धोरणाबद्दल बोलतोय. लिट्टेचं राज्यही धोरणच चालवत होतं.

---

कावेरीकाठ

ताई, फार महत्त्वाचा प्रतिसाद. आज काय परिस्थिती आहे? कागदावर दोन्ही भाषा आहेत ना?

---

पुत्तलमची पाहुणी

कागदावर आहेत. पाट्या तीन भाषांत दिसतात, तमिळच्या स्पेलिंगच्या चुका पाहून तमिळ माणसं हळहळतात. खरी अडचण पोलिस ठाण्यात येते. तमिळ बाई तक्रार द्यायला जाते, जबाब सिंहलीत लिहिला जातो आणि खाली तिची सही. जबाबात काय आहे ते तिला वाचता येत नाही. बेळगावकर काकांच्या वडिलांचं वाचलं तेव्हा मला हेच आठवलं.

राष्ट्रगीताचं उदाहरण घ्या. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी कितीतरी दशकांनी सरकारी सोहळ्यात ते तमिळमधूनही गायलं गेलं. तिथल्या माझ्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. २०२० मध्ये सरकार बदललेलं होतं, सोहळ्यात पुन्हा फक्त सिंहली.

---

जुना बेळगावकर

आणि तेराव्या दुरुस्तीतल्या प्रांतिक परिषदा? त्यांना पोलिस आणि जमिनीचे अधिकार मिळाले का?

---

रानवाट

काका, घटनेत लिहिलेले आहेत, हातात दिलेले नाहीत. उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली निवडणूक व्हायलाच २०१३ साल उजाडलं, म्हणजे युद्ध संपून चार वर्षं. तिची मुदत २०१८ मध्ये संपली. त्यानंतर वर्षानुवर्षं कारभार राष्ट्रपतींनी नेमलेल्या राज्यपालांकडेच राहिला, निवडणूक पुढे ढकलत गेली. १९५७ च्या करारातही 'प्रादेशिक परिषदा' होत्याच.